सोमवारी नसलेली गल्ली

मार्च लागला की आमच्या सोसायटीला अचानक शहाणपण येतं. एरवी वाढदिवसाला भिंती हादरेपर्यंत गाणी लावणारे लोक लिफ्टमध्ये भेटले की हळू आवाजात ‘बोर्ड आहे ना’ एवढंच सांगतात, घरात कुणी आजारी असल्यासारखं. समोरच्या शाळेत केंद्र असतं. दहापासून फाटकाबाहेर आईबाप उभे राहतात, मुलं आत गेली तरी तीन तास तिथेच, कडुनिंबाच्या सावलीत. वरून बारीक पांढरा मोहोर त्यांच्या केसांत पडत असतो आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत बसते. माझं परीक्षेला कुणी नाही. माझ्या घरात परीक्षेला बसण्याजोगं माणूस कधी नव्हतंच. तरी घंटा झाली की उजव्या हाताची बोटं पेन धरल्यासारखी जवळ येतात.

यंदा शेजारची ऋजुता संध्याकाळी आली. “काकू, मी ना एका ब्लाइंड मुलीची रायटर म्हणून जातेय. फॉर्म वगैरे झाला. पण टेन्शन आलंय. समजा तिचं आन्सर चुकतंय, आणि मला माहितीये, तर?”

“तरी ती सांगेल तेच लिहायचं.”

“ऑब्व्हियसली,” ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातली चकली घेऊन गेली.

तिच्या त्या शब्दापाशी मी बराच वेळ अडकून बसले. चाळीसेक वर्षांपूर्वी मीही असंच म्हणाले असते.

तेव्हा बिबवेवाडीत आमच्या घरामागे ज्वारीचं वावर होतं. वडील शेती करत, आणि घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बसने स्वारगेट, तिथून पुढे पायी. पेठेतल्या त्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात मी वर्गात ‘हाय’ आणि ‘व्हतं’ म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. फार नाही हसल्या. पुण्यात फार हसावं लागत नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला दुरुस्त करायला लागले. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायचे, मगच बाहेर काढायचे. वर्षभरात अशी पुणेरी झाले की रिक्षावाले मला ‘सदाशिव पेठ ना?’ विचारू लागले. पण धुण्याची सवय लागली ती लागली. पुढे मी एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. हे काम मला शिकवावं लागलं नाही.

सुलभा माझ्याहून एक वर्ष पुढे होती. जन्मापासून दृष्टी नाही. कसबा पेठेत तांबट आळीला लागून तिच्या काकांच्या दोन खोल्या होत्या, तिथे ती राहायची. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला तिला लेखनिक हवा होता. लेखनिक एक वर्ष मागचा आणि दुसऱ्या शाखेचा असावा, असा नियम. मी कॉमर्सची, वर्षानेही मागे, त्यात माझे पेपर तिच्यानंतर पंधरा दिवसांनी. नोटीस बोर्डावरची चिठ्ठी वाचून मी गेले. तिने माझी दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, “घरीही असंच बोलतेस?”

“हो.”

“खोटं,” ती म्हणाली. “पण अक्षर चांगलं असलं तर चालेल.”

पेपरला आम्हाला वेगळी खोली मिळाली. खरं तर प्रयोगशाळेच्या बाजूचं अडगळीचं दालन. एका कोपऱ्यात मोडकी बाकं, खिडकीत माठ, आणि खुर्चीत एक वयस्क पर्यवेक्षक. ते पेपरभर आमच्याकडे रोखून बघायचे. सुलभा सावकाश, एका लयीत सांगायची. ‘पूर्णविराम’ म्हणायची, ‘नवा परिच्छेद’ म्हणायची. समाजशास्त्राच्या पेपरात तिने एका ठिकाणी व्याख्या अर्धीच सांगितली. मला उरलेली अर्धी माहीत होती, कारण मीच तिला आदल्या दिवशी वाचून दाखवली होती. मी पेन धरून थांबले. पर्यवेक्षक खाकरले. मी अर्धीच लिहिली. त्या सहा पेपरांत मी माझा म्हणून एक शब्द घातला नाही, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

पेपरांमध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या सुट्ट्या होत्या. पहिल्याच सुट्टीत, दुपारी तिच्या घरच्या गच्चीच्या जिन्यावर बसलेलो असताना ती म्हणाली, “माझ्या डोक्यात एक कादंबरी आहे. पूर्ण आहे. लिहून घेशील?”

तिच्याकडे ब्रेलची पाटी होती. जाड कागदावर टोच्याने टिंबं पाडून ती भराभरा लिहायची. मी म्हटलं, “तूच का नाही लिहीत?”

“लिहीन. मग वाचेल कोण?”

कुठल्याशा प्रकाशकाने नव्या लेखकांसाठी स्पर्धा लावली होती. हस्तलिखित एप्रिल संपायच्या आत पोहोचायला हवं होतं. काकांनी तिच्यासाठी टेलिफोन ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा अर्ज आणून ठेवला होता. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण ती म्हणायची, “एकदा माझ्याकडून काहीतरी जाऊ दे बाहेर. सगळे मलाच सांगत असतात, पायरी आहे, खड्डा आहे, गाय आहे. एकदा मी सांगते.”

त्या जिन्यावरच्या दुपारी मला अजून अंगावर जाणवतात. आळीतून तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज, एक सुरू झाला की दुसरा त्याच्या मधल्या जागेत बसायचा. कोपऱ्यावरच्या रसाच्या चरकाचे घुंगरू. तापलेल्या पत्र्याचा वास, मधूनच कुणाकडच्या कैरीच्या फोडणीचा. सुलभा मान किंचित तिरकी करून सांगायची आणि मी पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घ्यायची. एक प्रकरण झालं की तिला वाचून दाखवायची. मग कागद घरी न्यायचे आणि रेघांच्या दोन जाड वह्यांत पक्की प्रत करायची. आई चुलीपाशी बसून म्हणायची, “काय लिहिती गं एवढं? पेपर तुझा हाय का तिचा?” सुलभाला मी हे हुबेहूब करून दाखवलं, तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, “तुझ्या आईचा आवाज तुझ्यात असताना तू कुठला भलताच घालून फिरतेस?”

कादंबरीत एक मुलगी एका शहरात राहायला येते. ते शहर पुणेच होतं, नाव फक्त दिलेलं नव्हतं. त्या शहरात एक गल्ली होती. आठवड्याचे सहा दिवस ती असायची आणि सोमवारी नसायची. एका घराचा जिना मुलगी एकटी असली की बावीस पायऱ्यांचा असायचा आणि मैत्रीण बरोबर असली की एकोणीस. स्वारगेटला शेकडो बस नव्हत्याच, एकच बस होती, दर वेळी वेगळा श्वास घेऊन परत येणारी. आणि रस्त्यांवर माणसं नव्हती, नुसते हात फिरायचे. हात येऊन मुलीचं कोपर धरायचे, तिला रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडायचे आणि निघून जायचे. तिला पलीकडे जायचं होतं का, हे हातांना विचारता येत नव्हतं, कारण त्यांना कान नव्हते.

मी लिहिता लिहिता थांबून म्हटलं, “सुलभा, हे अद्भुत आहे.”

“अद्भुत कसलं? सोमवारचं आहे.”

मी हसले. मला वाटलं, तिने विनोद केला.

सोमवारी तांबटांची सुट्टी असायची. हातोडे बंद. त्या आवाजावरून वळणारी सुलभा सोमवारी वळू शकायची नाही. तिच्यापुरती ती गल्ली त्या दिवशी खरोखर नसायची. हे इतकं साधं होतं, आणि रोज तिच्याशेजारी बसूनही मला कळलं नाही. मला ते कळायला पाच-सहा वर्षं लागली. एका सोमवारी त्या बाजूने एकटीच जाताना माझे पाय आपोआप थांबले. आळी होती, दुकानांच्या फळ्या होत्या, पाट्या होत्या, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि तरी तिथे काही नव्हतं. मी तिथल्या एका ओट्यावर बसले आणि रडले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, बरं वाटत नसलं तर दवाखाना पुढे आहे. हा ओटा आमचा आहे.”

पण तेव्हा, त्या मार्चमध्ये, मी बिबवेवाडीला रात्रीचं जेवण उरकून वही उघडायची आणि तिच्या चुका दुरुस्त करायची. ‘त्या दिवशी गल्ली नव्हती’ याच्या जागी मी लिहिलं, ‘त्या दिवशी तिची वाट चुकली.’ जिन्याच्या पायऱ्या सगळीकडे बावीस केल्या. मला वाटलं, मोजताना गोंधळ झाला असेल बिचारीचा. हातांना माणसं जोडली. एकाला मिशा दिल्या, एकाला टोपी. स्वारगेटला मी भरपूर बस सोडल्या, क्रमांकांसकट. मी हे प्रेमाने केलं. मला हसलेल्या मुलींनी सुलभाला हसू नये, म्हणून केलं. जे मी माझ्या बोलण्याचं केलं होतं तेच तिच्या शहराचं केलं. रोज प्रत झाली की कच्चे कागद आईला द्यायची आणि आई ते सकाळी बंबात घालायची. त्यांच्यावर माझ्या अंघोळीचं पाणी तापायचं.

हे सगळं न समजून झालं. इथवर मी स्वतःला माफ करू शकते, अधूनमधून करतेही.

पण कादंबरीत त्या मुलीची एक मैत्रीण होती, वेणू. वेणू मुलीला शहर सांगायची. इथे झाड आहे, इथे नवी पाटी लागली, आज आकाश असं आहे. वेणूला दोन आवाज होते, एक घरचा आणि एक बाहेरचा, आणि मुलीचा विश्वास फक्त घरच्या आवाजावर होता. मला हे लिहून घेताना कानामागे गरम झालं, पण मी लिहीत राहिले. मग एका दुपारी सुलभाने सांगितलं, “मुलीने विचारलं, लोक बघताहेत का? वेणू म्हणाली, कुणी बघत नाहीये. तिच्या हाताला घाम आला होता. पूर्णविराम.”

कॉलेजला जाताना सुलभा माझा हात धरून चालायची आणि कधी कधी अगदी हेच विचारायची. मी म्हणायची, “छे, कुणाला वेळ आहे?” अख्खी पेठ बघत असायची. दुकानदार वजन करायचे थांबून बघायचे. मला लाज वाटायची, तिची नव्हे, त्या बघण्यात मीही आहे याची, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून माझ्या तळहातावरून कळत होतं.

शेवटचं प्रकरण तिने तिच्या शेवटच्या पेपरनंतर सांगितलं. मुलगी वेणूला म्हणते, उद्या तू येऊ नकोस. वेणू कोपऱ्यावर थांबते. मुलगी सोमवारी, एकटी, जिथे गल्ली नाही तिथे चालत जाते. आधी काहीच नसतं. मग तिला स्वतःची पावलं ऐकू येतात, आणि पावलांच्या आवाजाने एकेक भिंत उभी राहते, ओटा उभा राहतो, नळ, देवळाची पायरी. कुणी न सांगता शहर उभं राहतं. वेणूचं पुढे काय झालं, ते कादंबरीत नव्हतं.

“वेणूचं काय?” मी विचारलं.

“ती कोपऱ्यावर आहे.”

“किती वेळ?”

“तिचं तिने बघायचं,” सुलभा म्हणाली. मग, बहुधा माझा श्वास बदललेला ऐकून, हळू म्हणाली, “अगं, कादंबरी आहे.”

त्या रात्री बसमध्ये मला जागा मिळाली आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या आयुष्यात तोवर मैत्रीण म्हणावी अशी एकच होती, आणि तिने मला कोपऱ्यावर उभं करून ठेवलं होतं. घरी येऊन मी वही उघडली आणि शेवट बदलला. मुलगी गल्लीत शिरताना वेणू मागून धावत येते, तिचा हात धरते आणि दोघी बरोबर चालू लागतात. हाताला घाम आल्याचं वाक्यही मी मागे जाऊन गाळलं. ते करताना माझं डोकं ठिकाणावर होतं. अक्षरसुद्धा कुठे हललेलं नाही. ती वही माझ्यापाशी आहे, मी बघितलंय.

वह्या मी तिला नेऊन दिल्या. चार दिवसांनी दुपारी पुन्हा गेले, पुडकं बांधून टपालात टाकायचं ठरलं होतं म्हणून. जिन्यातच मला काकूचा आवाज ऐकू आला. सुलभाची काकू सातवीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा वाचायची. पाठवण्याआधी एकदा सगळं ऐकावं म्हणून सुलभाने तिला बसवलं होतं. मी दारात थांबले.

“ये,” सुलभा म्हणाली. माझी पावलं तिला पहिल्या पायरीपासून कळायची. “बस. शेवटचंच चाललंय.”

मी बसले. काकू वाचत राहिली. वेणू धावत आली, वेणूने हात धरला, दोघी चालू लागल्या. काकूचे डोळे भरून आले होते. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “किती गोड केलाय गं शेवट. मला वाटलं, सोडते की काय तिला.”

सुलभाने दोन्ही वह्या हाताने चाचपल्या, एकीवर एक नीट ठेवल्या आणि माझ्या दिशेने सरकवल्या.

“चांगली झाल्येय तुझी कादंबरी,” ती म्हणाली. “तुझं नाव घाल आणि पाठव.”

आवाज चढला नव्हता. मी म्हणाले, मला वाटलं तुझ्या काही चुका झाल्यात, म्हणून. मी पुन्हा म्हणाले, चुकून झालं. काकूला काही कळेना, ती सरबत करायला आत गेली. मी वह्या घेऊन, सरबत न पिता उठले. त्या मी कुठेच पाठवल्या नाहीत. जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या नाहीत.

तिला पहिला वर्ग मिळाला. पेपर मी लिहिले होते, म्हणून पेढा द्यायला काका बिबवेवाडीपर्यंत आले. ती आली नाही. तिने पुन्हा कुणाला बसवून ती कादंबरी सांगितली का, मला माहीत नाही. छापखान्यात तीस वर्षं नव्या हस्तलिखिताचं पहिलं पान उलटताना मला वाटायचं, आता ती गल्ली येईल. कितीतरी कादंबऱ्या आल्या. त्यांत माणसं भिंतीतून जायची, घड्याळं उलटी चालायची, आणि प्रस्तावनाकार त्याला अतिवास्तव म्हणायचे. मी त्यांतल्या चुका काढल्या, पण कादंबरीतल्या एकाही विचित्र गोष्टीला हात लावला नाही. तेवढं शिकले होते.

त्या वह्या घेऊनही मी बसले आहे, एकदा नव्हे, अनेक मार्चमध्ये. पेन्सिल घेऊन माझं ते खोडायचं आणि तिचं ते ठेवायचं, असा बेत असतो. वाट चुकली हे माझं, खोड. टोपी, मिशा, खोड. पण मधल्या पानांवर अशी वाक्यं आहेत की ती कुणाची, हे मला आता सांगता येत नाही. ‘उन्हाचा आवाज दुपारी बसका होतो.’ हे तिचं असावं. पण इतक्या वर्षांत मीही तिच्यासारखी ऐकायला लागले आहे, तर कदाचित हे मीच कुठेतरी घातलं असेल. बंबात गेलेल्या कागदांशी पडताळून बघता येत नाही. ज्या एका माणसाला विचारता येईल त्याला विचारायचा हक्क मी घालवला.

ती एका बँकेत ऑपरेटर झाली होती. हे मला पाच-सहा वर्षांनी, त्या ओट्यावर बसून रडल्यानंतर कळलं. मी नंबर मिळवला. काय बोलायचं ते आठवडाभर पाठ केलं. एकच वाक्य होतं, ‘सुलभा, बाकीचं न समजून झालं, पण शेवट मी मुद्दाम बदलला.’ ऑफिसच्या फोनवरून, जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे खायला गेल्यावर फोन लावला.

“नमस्कार. कोण हवंय आपल्याला?” तिने विचारलं.

तो आवाज कानात आल्याबरोबर माझं वाक्य गेलं. मी म्हटलं, “लॉकर विभाग.” ती म्हणाली, “जोडते.” आणि जोडलं.

दुसऱ्या वर्षी, परीक्षा सुरू झाल्यावर, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षीही. दर मार्चला मी वाक्य पाठ करायची आणि दर वेळी लॉकर विभाग मागायची. ती दर वेळी, नवख्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी, ‘आपल्याला’ म्हणायची. मला वाटायचं, फोनवर पावलं थोडीच ऐकू येतात. तिने ओळखलेलं नाही, तेव्हा पुढच्या वर्षी सांगू.

सातव्या वर्षी मी ठरवून गेले होते की या खेपेला बोलायचंच. तिने फोन उचलला. मी तोंड उघडायला श्वास घेतला.

“लॉकर ना?” सुलभा म्हणाली. “जोडते.”

दोन घंटा वाजल्या आणि पलीकडे कुणी साहेब आले, “हॅलो, लॉकर. बोला. कोण हवंय?” मी म्हणाले, “माफ करा, चुकून लागला,” आणि फोन ठेवून दिला. तेही खोटंच होतं.